शिलालेखांतला यवन

दारव्ह्याच्या बाजारांत कापसाची गाडी येऊन उभी राहिली, तर तिच्याकडे कोणी मुद्दाम वळून पाहत नाहीं. या भागाचा कापूस ज्या अरुंद रुळांवरून मूर्तिजापुरास जात असे, त्या रुळांवरची गाडीहि आतां आठवणींत जमा झाली. परंतु इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत हेरोडोटस या ग्रीक इतिहासकारानें हिंदुस्थानाविषयीं लिहितांना एक नवल नोंदवून ठेविलें आहे. त्या देशांत रानांतल्या झाडांना लोकर येते, ती मेंढीच्या लोकरीहून सुंदर व सरस असते आणि तेथील लोक तिचींच वस्त्रें वापरतात, असें तो सांगतो. वऱ्हाडांतल्या शेतकऱ्याला जें रोजचें, तें ग्रीकाला अद्भुत वाटलें. दोन देशांच्या गोष्टीचा आरंभ बहुधा अशाच एकाद्या साध्या वस्तूपासून होतो.

मराठींत प्राचीन ग्रीसविषयीं ऐतिहासिक कथा लिहावी, असें ज्याच्या मनांत येतें, त्या लेखकाची दृष्टि मात्र कापसावर ठरत नाहीं. ती थेट अथेन्सला जाते. सॉक्रेटिसाचा विषाचा पेला, मॅरेथॉनचें रणांगण, शिकंदराचा घोडा, अशी सामग्री पुस्तकांतून हवी तेवढी मिळते. मग कथेंत संगमरवरी खांब उभे राहतात, ऑलिव्हच्या झाडांची सळसळ ऐकूं येते, आणि त्यांच्या सावलींत पात्रें मात्र एकाद्या वाड्याच्या सोप्यावर बसल्यासारखीं बोलूं लागतात. लेखकाची प्रतिभा कमी पडते असें नव्हे. पण ज्या मातीवर पाऊल कधीं पडलें नाहीं, तिची धूळ पात्रांच्या अंगाला लागत नाहीं.

वास्तविक यवनाला भेटावयास इतकें दूर जाण्याचें कारण नाहीं. नाशिकजवळच्या त्रिरश्मि डोंगरांत, ज्याला लोक पांडवलेणीं म्हणतात तेथें, असा एक मनुष्य शतकानुशतकें कथाकाराची वाट पाहत उभा आहे.

त्याच्यापर्यंत पोंचण्याच्या वाटेंत पहिला अडसर एका शब्दाचा आहे. लेखांत त्याला ‘योनक’ म्हणजे यवन म्हटलें आहे. आयोनिया या ग्रीक प्रदेशाच्या नांवावरून इराणी लोकांनीं ग्रीकांना ‘यौन’ म्हटलें. संस्कृतांत तोच शब्द यवन, तर पाली-प्राकृतांत योन असा रूढ झाला. पुढें ग्रीक दिसेनासे झाले, शब्द मात्र उरला. आणि तो पश्चिमेकडून येणाऱ्या परकीयांना, अखेरीस मुसलमानांना, लावला जाऊं लागला. १८७१ सालीं रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि मराठींत ऐतिहासिक कादंबरीची वाट पडली. त्या वाटेवर पुढें भेटणारा यवन बहुधा तटापलीकडचा शत्रु असतो. अशा वाचनावर वाढलेला वाचक कार्ल्याच्या चैत्यगृहांत शिरतो, आणि धेनुकाकट येथील यवनांनीं दान दिलेले खांब तेथें उभे आहेत हें कळतांच गोंधळतो. जुन्नरच्या लेण्यांत तर इरिल नांवाच्या यवनानें पाण्याचीं दोन टाकीं दिल्याचें आणि चिट नांवाच्या यवनानें भिक्षूंसाठीं भोजनमंडप दिल्याचें कोरलेलें आहे. ज्याला वाचक तट फोडणारा समजत आला, तो येथें खांब उभारीत आहे, आणि तहानलेल्याची व भुकेल्याची सोय करीत आहे.

कार्ल्याच्या या दात्यांचीं नांवें सिहधय, यसवधन अशीं, म्हणजे सिंहध्वज, यशोवर्धन अशा वळणाचीं आहेत. ते ग्रीक रक्ताचे होते, कीं यवन म्हणविणाऱ्या समाजांत मोडणारे येथलेच लोक होते, याविषयीं पंडितांत मतभेद आहे. इतिहासकाराला ही अडचण वाटेल. कथाकाराचें धन येथेंच आहे.

नाशिकचा लेख थोडक्यांत असें सांगतो: उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा राहणारा, योनक, धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त यानें हें लेणें, आंतलें चैत्यगृह आणि पाण्याचीं टाकीं करविलीं, मातापित्यांच्या प्रीत्यर्थ करविलीं, आणि पुत्र धम्मरक्षित यासह भिक्षुसंघास अर्पण केलीं. दत्तामित्री हें नगर डेमेट्रिअस या ग्रीक राजाच्या नांवानें वसलें असावें, असें विद्वान् मानतात. मूठभर ओळींत एका घराण्याच्या तीन पिढ्या आल्या आहेत. आजोबांच्या नांवांत धर्म आहे, नातवाच्या नांवांत धर्म आहे, आणि मधल्या पुरुषाच्या नांवांत इंद्र व अग्नि हे वेदांतले देव आहेत. ग्रीक नांव एकाचेंहि नाहीं. ज्या आईच्या पुण्यासाठीं डोंगर फोडला, तिचें तर नांवच लेखांत नाहीं. या मनुष्यानें अथेन्स कधीं पाहिलें असेल, असें मानावयास कांहींच आधार नाहीं. तें नगर त्याला दारव्हेकराइतकेंच परकें असेल.

अशा नांवाच्या पुरुषाला यवनपण झांकावयाचें असतें, तर ‘योनक’ ही तीन अक्षरें गाळिलीं कीं काम झालें असतें. त्यानें तीं गाळिलीं नाहींत.

या न गाळण्याला केवढें मोल आहे, हें त्याच डोंगरांतल्या दुसऱ्या एका लेखावरून कळतें. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षीं त्याची आजी गौतमी बलश्री हिनें तेथें एक भव्य लेणें भिक्षूंना दिलें आणि आपला दिवंगत पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचा गौरव कोरविला. त्या गौरवांत शक, यवन आणि पल्हव यांचा संहार करणारा, असें त्याचें वर्णन आहे. एकाच कड्यावर एक माता पुत्रानें यवनांचा नाश केला म्हणून धन्य होते, आणि एक यवन पुत्र आपल्या मातेसाठीं लेणें खोदवितो. दोघांच्याहि दानाचा स्वीकार भिक्षूंनींच केला.

ऐतिहासिक कथा लिहिणाराची परीक्षा येथें होते. राजकन्येशीं यवनाचें प्रेम जुळवावें, किंवा आंधळ्या सूडाची कहाणी रचावी, हा मोह सोपा आहे. पण जें शिळेवर आहे तें मोडूं नये, आणि जें नाहीं तें मनुष्यस्वभावाला धरून भरावें, एवढी शिस्त पाळली तर एक साधा प्रसंगहि पुरे होतो. पाथरवट छिन्नी घेऊन उभा आहे. धम्मरक्षित हलक्या आवाजांत म्हणतो, “तात, आपलें नांव तर येथल्यासारखेंच आहे. मग ‘योनक’ कशाला कोरावयाचें?” इंद्राग्निदत्त कांहीं वेळ दगडाकडे पाहतो आणि म्हणतो, “तुझ्या आजोबांचें नांव कोरावयाचें ना? मग ते कोठून आले, तेंहि कोरलें पाहिजे.” हा संवाद कल्पित आहे, पण शिलालेखांतलें एकहि अक्षर त्यानें खोटें ठरत नाहीं.

त्या घराण्याच्या भोंवतालचें जग उभें करावयासहि पुरावा तोकडा नाहीं. ‘पेरिप्लस’ नांवाच्या, इसवी सनाच्या पहिल्या शतकांतल्या ग्रीक ग्रंथाच्या अनामिक कर्त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, पैठण आणि तगर, म्हणजे आजचें तेर, येथून गाड्या भरून माल अवघड वाटेनें भडोचला उतरत असे; आणि तेरच्या मालांत कापड पुष्कळ असे. भडोचच्या बाजारांत अपोलोडोटस व मिनँडर या ग्रीक राजांचीं जुनीं नाणीं त्या काळींहि चालत होतीं. हेरोडोटसाला जी लोकर ऐकून माहीत होती, तिचें कापड आतां त्याच भाषेचे खलाशी जहाजांत भरीत होते.

या जगाच्या बाहेर वऱ्हाडहि नव्हता. बलश्रीच्या लेखांत तिच्या पुत्राच्या मुलखांची जी यादी आहे, तींत विदर्भाचें नांव आहे. १९३९ सालीं दारव्ह्याच्या पश्चिमेस मंगरूळपीर तालुक्यांतल्या तऱ्हाळा या गांवीं सातवाहन राजांच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. त्यांत गौतमीपुत्र सातकर्णीचींहि नाणीं आहेत. यवनांचा संहारक म्हणून ज्याची स्तुति नाशिकच्या डोंगरावर कोरली गेली, त्याचें नांव असलेलें नाणें वऱ्हाडच्या बाजारांत कापसाच्या मोबदल्यांत कोणाच्या तरी तळहातावर पडलें असेल. तें देणारा कोण होता, तो कोठून आला होता, आणि विचारल्यावर त्यानें आपलें गांव कोणतें सांगितलें, एवढेंच लिहावयाचें उरलें आहे.