वाळूंतली मोहरी

समुद्रकांठीं फिरावयास गेलेल्या मनुष्याची दृष्टि पाण्याकडे असते. पायाखालच्या वाळूंत कांहीं उगवत असेल, हें त्याच्या ध्यानींमनींहि नसतें. कोंकणच्या पुळणीवर मर्यादवेल पसरते, तिला तरी लोक नांवानें ओळखतात. युरोपच्या किनाऱ्यावर, भरतीनें शेवाळाची रेघ जेथें टाकलेली असते नेमकें तेथें, मोहरीच्या कुळांतलें एक वर्षायु झुडूप उगवतें. इंग्रज लोक त्यास 'सी रॉकेट' म्हणतात. ह्या रॉकेटचा दारूकामाच्या बाणाशीं संबंध नाहीं. तें एका तिखट पालेभाजीचें नांव आहे. शास्त्रीय नांव 'काकिले मारितिमा'.

कूळ ओळखणें सोपें. फूल फिकट जांभळें किंवा पांढरें. पाकळ्या चार, क्रूसाप्रमाणें मांडलेल्या. पुंकेसर सहा, पैकीं चार लांब व दोन आंखूड. परसांतल्या मुळ्याचें फूल उघडून पाहिल्यास हीच मांडणी दिसेल. पान मांसल व तिखट. परंतु एवढ्यावर निर्णय देणारा फसतो; कारण उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिची सख्खी बहीण आहे, 'काकिले एडेंटुला', आणि दुरून दोघी सारख्याच दिसतात.

खरा पुरावा फळांत. मोहरीची शेंग पिकली कीं उकलते. ही उकलत नाहीं. तिचे एकापुढें एक असे दोन सांधे असतात व बहुधा प्रत्येकांत एक बीं. वरचा सांधा बुचासारखा हलका. तो गळून लाटांवर तरंगत जातो. खालचा आईला धरूनच वाळतो. एका मुलास दर्यावर धाडून दुसऱ्यास वतनावर ठेवणाऱ्या घरासारखी ही व्यवस्था आहे! युरोपीय जातीच्या खालच्या सांध्यास दोहों बाजूंस शिंगासारखीं टोकें असतात. अमेरिकन जातीस तीं नसतात. पहिलीचें पान बहुधा खोल कातरलेलें, दुसरीचें केवळ दंतुर. पण पानावर फार भरंवसा ठेवूं नये.

हा प्रवास किती दूरचा, हें आइसलंडच्या दक्षिणेस दिसून आलें. तेथें नोव्हेंबर १९६३ मध्यें ज्वालामुखीमुळें सर्टसी नांवाचें बेट समुद्रांतून वर आलें. १९६५ सालीं त्यावर पहिली सपुष्प वनस्पति आढळली, ती ह्याच काकिले वंशांतली. फुलण्यापूर्वींच तीं रोपें राखेखालीं गाडलीं गेलीं.

कॅलिफोर्नियाची हकीकत मात्र बहिणींच्या वैराची आहे. तेथें १८८० नंतरच्या दशकांत अमेरिकन जात पूर्वेकडून आली व स्थिरावली. १९३५ सालीं युरोपीय जात दिसली, आणि पुढील कांहीं दशकांत पहिली तेथून जवळजवळ नाहींशी झाली. वाळूवर झुडपें पूर्ववत् फुलत होतीं. फिरावयास येणाऱ्यांस काय कळणार? हा पालट विद्वानांनीं संग्रहालयांतील वाळविलेल्या नमुन्यांवरून जुळविला. ऑस्ट्रेलियांतहि असेंच घडलें. तेथें तर आनुवंशिक तपासणींत दोहोंच्या संकराच्या खुणा मिळाल्या. तेव्हां मधल्या रूपाचें झाड आढळल्यास घाईनें नांव देऊं नये.

श्रोत्यांपैकीं कोणी अशा किनाऱ्यावर गेल्यास नुसता फुलोरा खुडून आणूं नये. शेंड्यास फुलें असतां त्याच फांदीच्या बुडाशीं जुनीं फळें तयार असतात. शिंगें शोधावयाचीं तीं तेथें.