बेलापूरचा बुरूज आणि इतिहासकारांचा संवाद
नवी मुंबईत बेलापूर येथे खाडीलगत प्राचीन किल्ल्याचा जो बुरूज अद्याप उभा आहे, त्याच्या परिसरावर आफ्रिकी वंशाचे सिद्दी, लिस्बनच्या राजाची चाकरी करणारे फिरंगी, पेशव्यांचे मराठे आणि अखेरीस कंपनी सरकारचे इंग्रज यांचा अंमल क्रमाने झाला. सबब या एका बुरुजाची हकीकत सांगू पाहणाऱ्यास अर्ध्या जगाची दप्तरे धुंडाळावी लागतात. इतक्या भाषा एकाच मनुष्यास अवगत असणे दुर्मीळ, म्हणूनच तज्ज्ञांचा परस्परसंवाद हे मला इतिहासाचे प्रधान साधन वाटते.

फारसी साधनांचे मर्मज्ञ बंगालचे सर जदुनाथ सरकार आणि मोडी कागदांत आयुष्य वेचलेले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्यातील प्रदीर्घ पत्रव्यवहार, तसेच कामशेतच्या निवासस्थानी घडलेल्या भेटी, हे त्याचे उज्ज्वल उदाहरण होय. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे जे ४५ खंड सरदेसायांनी १९३० पासून अवघ्या काही वर्षांत सिद्ध केले, त्यांमागे सरकारांचा साक्षेपी सल्ला होता.

फिरंग्यांची बाजू मात्र गोव्याच्या दप्तरखान्यात होती. १७३९ साली चिमाजी अप्पांनी फिरंग्यांकडून वसई घेतली, ही आपल्याकडील विजयवार्ता. तिच्या पलीकडचे पोर्तुगीज कागद वर्षानुवर्षे चिकाटीने वाचून डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ लिहिला, आणि १९६७ साली तो पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला.