तीन सत्ता आणि त्यांचा तोल



आपल्या राज्यघटनेने सत्तेच्या तीन वाटण्या केल्या आहेत. कायदे करायचे ते कायदेमंडळाने, राबवायचे ते शासनाने, आणि तंटा पडला तर निवाडा द्यायचा तो न्यायालयाने. शाळेच्या पुस्तकात हे तीन चौकोन काढून दाखवतात. मुले ते पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात, कारण सगळी सत्ता एका हाती असली म्हणजे काय होते ते त्यांनी पाहिलेले नसते. गावातल्या जुन्या माणसांनी निदान ऐकलेले असेल. इंग्रजी अमदानीत तालुक्याचा मामलेदार शेतसारा वसूल करी, आणि तोच मॅजिस्ट्रेट म्हणून फौजदारी खटलेही चालवी. सकाळी ज्याने साऱ्यासाठी दटावले, दुपारी त्याच्याच पुढे हात जोडून न्याय मागायचा! घटनेच्या 50व्या कलमाने सांगितले, की न्यायदान शासनापासून अलग करा. मुंबई राज्याने त्यासाठी 1951 साली कायदाही केला.

पण वाटण्या झाल्या म्हणून भांडणे संपत नाहीत, हे शेतकऱ्याला कोणी सांगायला नको. शिवाय या तिघांच्या जमिनी अगदी तुटक नाहीत. विधानसभेने मंजुरी दिल्याशिवाय मंत्र्यांना खजिन्यातला पैसा खर्च करता येत नाही. विधानसभेचा कायदा घटनेला सोडून असेल तर न्यायालय तो रद्द ठरवते. आणि न्यायालयाने दिलेली शिक्षा राज्यपाल माफ करू शकतात. म्हणजे एकाच्या वावरातून दुसऱ्याची पाऊलवाट जाते. मग दोघे एकाच वेळी समोरासमोर आले तर?

आपल्या नाशिक जिल्ह्यात मोसम आणि गिरणेच्या काठी पाण्यापुरते याचे उत्तर फार पूर्वी शोधलेले होते. तिथली फडपद्धत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखाली शेतांचे फड. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे पंच ठरवीत, पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे, आणि पिकाची राखण करणारा जागल्या तिसराच. पाण्याला पाळी असे. पाणी सगळ्यांचे खरे, पण ज्याची पाळी चालू आहे त्याचे भरणे होईपर्यंत दुसऱ्याने मधेच पाट फोडायचा नाही.

नेमका असाच पाट फोडण्याचा प्रसंग आपल्या राज्यात 1960 साली घडला. नानावटी खटल्याचे नाव ऐकले नाही असा माणूस विरळा. या खटल्यावर चित्रपट निघाले, नाना कथा झाल्या, पण त्यातला घटनेचा भाग कथेखाली दबून गेला. माझ्या मते तोच भाग मोलाचा आहे.

27 एप्रिल 1959 रोजी मुंबईत नौदलाचे अधिकारी कमांडर कावस माणेकशॉ नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. सत्र न्यायालयात ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, म्हणून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने 11 मार्च 1960 रोजी नानावटींना खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप दिली.

आता पुढे बघा. त्याच दिवशी मुंबई राज्याचे राज्यपाल श्रीप्रकाश यांनी घटनेच्या 161व्या कलमाखाली हुकूम काढला: नानावटी सर्वोच्च न्यायालयात अपील करणार आहेत, त्याचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित, आणि तोवर त्यांनी नौदलाच्या ताब्यात राहावे. यशवंतराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते. निकाल आणि स्थगिती एकाच दिवशी! अधिकार असला तरी इतकी घाई शोभणारी नव्हती. कैदी तुरुंगात पोचलाच नाही. मुंबई उच्च न्यायालयात पाच न्यायमूर्तींपुढे हा प्रश्न आला, तेव्हा राज्यपालांचा हुकूम घटनेविरुद्ध नाही असे मत पडले.

मग पेच उभा राहिला तो सर्वोच्च न्यायालयात. तिथला नियम असा, की शिक्षा झालेल्या माणसाने आधी शिक्षेपुढे हजर व्हावे, मगच त्याचा अर्ज सुनावणीला घेतला जाईल. नानावटींचे म्हणणे, राज्यपालांच्या हुकुमाने मी नौदलाच्या ताब्यात आहे, मला या नियमातून सूट द्या. म्हणजे प्रश्न असा झाला, की अपील चालू असताना कैद्याने कुठे राहायचे हे न्यायालय ठरवणार की राज्यपाल?

5 सप्टेंबर 1960 रोजी निकाल लागला. तोवर मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र आला होता, खटल्याच्या नावात मात्र जुनेच राज्य राहिले. पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी, त्यांत सरन्यायाधीश सिन्हा होते आणि आपले गजेंद्रगडकरही, सांगितले की दोन्ही अधिकार घटनेनेच दिलेले आहेत. संपूर्ण माफी राज्यपाल केव्हाही देऊ शकतात. पण प्रकरण एकदा सर्वोच्च न्यायालयापुढे आले, की ते तिथे असेपर्यंत शिक्षा स्थगित करायची की नाही, हे त्या न्यायालयाने ठरवायचे. पाळी त्याची. न्यायमूर्ती कपूर यांचे मत वेगळे पडले. राज्यपालांच्या अधिकाराला अशी मर्यादा घालता येत नाही, असे त्यांनी मानले. शिक्षक मंडळींनी वर्गात ही दोन्ही मते मुलांकडून मांडून घ्यावीत. वाद चांगला रंगतो, आणि कपूर यांची बाजू वाटते तितकी लंगडी नाही.

सूट नाकारली गेली. 24 नोव्हेंबर 1961 रोजी अपीलही फेटाळले. आणि 1964 साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. ती योग्य होती का, यावर दुमत असू शकेल. पण तेव्हा न्यायालयाचे काम संपलेले होते आणि अधिकार निर्विवादपणे राज्यपालांचा होता.

कायदेमंडळ आणि न्यायालय यांच्यातही असा प्रसंग येतो. 5 जुलै 2021 रोजी महाराष्ट्र विधानसभेने पीठासीन अधिकाऱ्यांशी गैरवर्तन केल्याबद्दल बारा आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केले. आपल्या सभासदांना शिस्त लावणे हा सभागृहाचा अधिकार, त्यात न्यायालयाने सहसा पडू नये. मात्र 28 जानेवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन चालू अधिवेशनापलीकडे घटनाबाह्य ठरवले. त्यामागचा विचार साध्या मतदारालाही पटेल असा आहे. आमदाराला काढून टाकले तर जागा रिकामी होते आणि सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. निलंबनात जागा रिकामी होत नाही, म्हणून पोटनिवडणूक नाही, आणि आमदारही सभागृहात नाही. वर्षभर त्या मतदारसंघाचे गाऱ्हाणे मांडायचे कोणी? न्यायालयाने गैरवर्तनाला पाठीशी घातले नाही. ते अधिवेशन दोनच दिवसांचे होते. तेवढ्यापुरतेच या आमदारांना बाहेर ठेवले असते, तर न्यायालयाला त्यात बोलायला जागाच उरली नसती.