अंधाराचा निरोप देणारी ग्रंथी

मागच्या बैठकीत आमच्या गटात झोपेचा विषय निघाला. कुणाच्या घरी रात्रीच्या लाईटीवर उसाला पाणी धरायला जावं लागतं, म्हणून ट्यूब रात्रभर चालूच. कुणाची पोरं मोबाईल बघता बघता झोपतात. एकजण म्हणाली, "दिव्यानं काय होतंय? डोळे मिटले की झालं." या प्रश्नाचं उत्तर आम्ही शोधत गेलो, आणि ते सापडलं कुठं, तर उंदराच्या डोक्यात!

हसू नका. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराच्या मेंदूवर, कवटीच्या अगदी खाली एक बारीकशी ग्रंथी असते. तिला पिनिअल ग्रंथी म्हणतात. उंदराची ही ग्रंथी तिळाच्या दाण्याहूनही हलकी. आपल्याही मेंदूत ती आहे, पण खोल मध्यभागी, साधारण तांदळाच्या दाण्याएवढी. अंधार पडला की ती मेलाटोनिन नावाचं द्रव्य तयार करून रक्तात सोडते. हे द्रव्य 1958 साली अमेरिकेत आरन लर्नर यांनी गाईबैलांच्या पिनिअल ग्रंथींतून पहिल्यांदा वेगळं काढलं.

आता या ग्रंथीच्या आत डोकावू. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली उंदराची पिनिअल पेशी पाहिली, तर मधोमध गोलसर केंद्रक दिसतं. पेशीला लांब फाटे फुटलेले असतात आणि त्यांची फुगीर टोकं रक्ताच्या बारीक नळ्यांजवळ जाऊन थांबतात. माल तयार झाला की लगेच रक्तात, साठवण नाही. पेशीत आणखी एक गंमत दिसते. काळसर दांडी, आणि तिच्या भोवती चिकटलेले बारीक बुडबुडे, जणू बाजरीचं कणीसच. शास्त्रज्ञ तिला रिबीन म्हणतात. पांढऱ्या उंदरात या रिबिनी दिवसा कमी आणि रात्री जास्त दिसतात. म्हणजे रात्र झाली की पेशीची आतली मांडणीसुद्धा बदलते.

अशाच रिबिनी डोळ्याच्या पडद्यातल्या, उजेड ओळखणाऱ्या पेशींतही असतात. ही नातलगाची खूण आहे. मासे आणि बेडूक यांच्या पिनिअल पेशींना स्वतःलाच उजेड कळतो. उंदराच्या आणि आपल्या पेशींची ती नजर गेली. मग त्यांना रात्र झाल्याचं कळतं कसं? तर मोठा द्राविडी प्राणायाम करून! डोळ्यांतून खबर मेंदूतल्या घड्याळाकडे जाते, तिथून खाली पाठीच्या कण्यात, मग मानेतल्या मज्जातंतूंच्या गाठीत, आणि तिथून पुन्हा वर ग्रंथीकडे.

वाट लांबची, पण खबर झटक्यात पोचते. मेलाटोनिन बनवणारं एक विकर उंदरात रात्री दिवसाच्या शंभरेक पट वाढतं. 1972 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मध्यरात्री उंदरांपुढे दिवा लावला, तर काही मिनिटांतच ते निम्म्याहून खाली आलं. पुढे 1980 साली प्रखर उजेडानं माणसाचंही मेलाटोनिन घटतं हे दिसलं, आणि नंतर घरातल्या साध्या दिव्याचाही परिणाम आढळला. डोळे मिटले तरी पापण्यांतून थोडा उजेड आत जातोच.

इथं एक गैरसमज दूर करू. मेलाटोनिन म्हणजे झोपेचं औषध असतं, तर उंदीर रात्री गाढ झोपला असता. पण तो तर रात्रीच आपली कणगी कुरतडतो! मेलाटोनिन हा फक्त निरोप आहे, की 'अंधार पडला'. तो ऐकून उंदीर कामाला लागतो आणि आपलं शरीर झोपेच्या तयारीला. आपण रात्रभर ट्यूब लावली, की हा निरोपच अर्धवट पोचतो.

मग करायचं काय? शेतीची लाईट कधी येणार हे आपल्या हातात नाही, घरातला दिवा मात्र आहे. झोपायच्या जागेवरची ट्यूब बंद ठेवा. रात्री उठावं लागत असेल तर अंधारात धडपडू नका. मंद पिवळा दिवा खाली, भिंतीच्या कडेला लावा, कारण पांढऱ्या-निळसर उजेडाचा परिणाम जास्त होतो. झोपायच्या आधी तासभर मोबाईल पोरांच्या हातातून काढा आणि आपल्याही. रात्री पाणी धरून आलेल्या माणसाला दिवसा झोपायला खिडकीवर जाड चादर टाकून अंधार करून द्या. सकाळी उठल्यावर थोडा वेळ अंगणातल्या उजेडात बसा, त्यानं मेंदूतलं घड्याळ जागेवर राहतं. आणि मेलाटोनिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आमच्या गटातल्या त्या मैत्रिणीनं आता ट्यूब बंद करायचं ठरवलंय. तुम्हीही आठ दिवस करून बघा आणि पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा.