पन्नाशीची वाट पाहू नका
(गेवराई येथील परिचर्या परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण)



स्वागताध्यक्षाने गावाचं कौतुक करावं आणि चटकन खाली बसावं, असा संकेत आहे. त्यातला पहिला भाग मी पाळतो. गोदावरी आमच्या तालुक्याच्या उत्तर अंगाने वाहते. तिच्या काठी राक्षसभुवन आहे. शनीचं ठिकाण म्हणून लोक तिथं येतात आणि १७६३ च्या ऑगस्टमध्ये थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेला हरवलं तेही तिथंच. पांचाळेश्वर महानुभाव पंथीयांचं श्रद्धास्थान. सरकीचा आणि कापसाचा बाजार तर तुम्ही येताना रस्त्यावर पाहिलाच असेल. जायकवाडीच्या उजव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, गढीला कारखाना उभा राहिला. तरीही दसरा-दिवाळी झाली की आमची हजारो माणसं मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात दुसऱ्याचा ऊस तोडायला जातात. कौतुक इथं संपतं.

परिषदेचा विषय आहे पाळी गेल्यानंतरच्या स्त्रियांमधला हाडांचा ठिसूळपणा, त्यासोबत येणारं नैराश्य आणि त्यातली परिचर्या. हा विषय एखाद्या मोठ्या शहरात सभागृह घेऊन करता आला असता. तो गेवराईत होतोय याचं मला बरं वाटलं, कारण पुस्तकातली बाई आणि बीड जिल्ह्यातली बाई यांच्या वयात मोठा फरक आहे. पुस्तकात पाळी जाते पंचेचाळिशीनंतर, पन्नाशीच्या आसपास. आमच्याकडे अनेक जणींची ती तिशी-पस्तिशीतच गेलेली असते, कारण पिशवी काढलेली असते. २०१९ मध्ये हा प्रश्न देशभर गाजला, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक.

यामागची कारणं तुम्हाला सांगायला नकोत. कमी वयातलं लग्न, लागोपाठ बाळंतपणं, फडावर ना पाणी ना आडोसा, पाळीत एक दिवस बसलं तर खाडा आणि खाड्याचा दंड. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, तेव्हा तिचं आजारपण दोघांच्या हिशेबातून कापलं जातं. अंगावरून जातं, पोट दुखतं म्हणून ती दवाखान्यात गेली आणि कुणी कॅन्सरची भीती घातली, की उचल घेऊनच ऑपरेशन उरकायचं. पुढं खासगी रुग्णालयांनी अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा दंडक आला. चांगलं झालं. पण ज्यांची आधीच झाली, त्यांचं काय?

मी डॉक्टर नाही, औषधाचं दुकान चालवतो. काउंटरच्या अलीकडून दिसलं तेवढंच सांगतो. चाळिशीच्या आतली बाई येते, कॅल्शियमची पट्टी आणि दुखण्याची गोळी मागते. कंबर धरते, हाडं ठणकतात, म्हणते. थोडी गर्दी ओसरली की आवाज खाली आणून झोपेची गोळी मागते. चिठ्ठीशिवाय ती मी देत नाही, देऊ शकत नाही. मग ती म्हणते, "दादा, कशातच मन लागत नाही, जीव नकोसा झालाय." हे ती मला सांगते, कारण दवाखान्यात तिला हे कुणी विचारलेलंच नसतं. दुकानदाराला ते सांगावं लागणं ही काही चांगली व्यवस्था नव्हे.

पिशवीबरोबर अंडाशयही काढले असतील तर इस्ट्रोजेन एकदम तुटतं. अंडाशय ठेवले असले, तरी काही जणींचे ते लवकर थकतात. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं सर्वांत वेगाने झिजतात. ही वर्षं आमच्या बाईच्या वाट्याला येतात तेव्हा ती डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढत असते. कष्टाची हाडं आहेत, त्यांना काय होतंय, असं घरातले म्हणतात. मणक्याची हाडं तर कित्येकदा आवाज न करता दबतात. बाईची उंची कमी होते, पाठ वाकते आणि सगळे म्हणतात, वय झालं. मग मनगट मोडतं किंवा खुबा. पडायची भीती बसते, ती घराबाहेर पडेनाशी होते. बाहेर पडत नाही म्हणून स्नायू सैल पडतात, ऊन मिळत नाही, मन खचतं. मन खचलं की जेवण तुटतं, गोळ्या राहतात आणि हाड आणखी झिजतं. नैराश्यावरच्या काही औषधांचा हाडांवरही परिणाम होतो, म्हणून हाडांच्या आणि मनाच्या अशा दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दिसायला हव्यात. त्या दाखवायच्या कुणी? वॉर्डातल्या सिस्टरने.

मनोविकारतज्ज्ञ तालुक्याला मिळणं अवघड आहे, हे मान्य करूनच बोलूया. पण शेजारच्या गोव्यात 'संगाथ' या संस्थेने आणि डॉ. विक्रम पटेल यांनी दाखवून दिलं, की प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून नैराश्यावर उपचार करू शकतात. सहा ते आठ भेटींत, रुग्णाच्या दिवसात एकेक जमेल तशी कामं आणि माणसं परत आणत जायची, अशी ती पद्धत. २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. समुपदेशकांना जे जमलं, ते परिचर्येचं शिक्षण घेतलेल्या तुम्हाला जमणार नाही, हे मला पटत नाही. अडचण आहे ती तुमच्या वेळेची. एका सिस्टरकडे किती खाटा असतात हे इथल्या अधिकाऱ्यांनी ऐकून घ्यावं, म्हणून मी मुद्दाम बोलतोय.

आता यजमान म्हणून चार मागण्या करण्याचा हक्क बजावतो. हाडांच्या तपासणीचं वय पन्नास धरू नका. चाळिशीच्या आतल्या बाईलाही पिशवी कधी काढली आणि अंडाशय ठेवले का, हे विचारा आणि केसपेपरवर लिहा. तिच्याकडचा डिस्चार्जचा कागद सांभाळायला सांगा. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, कशात गोडी वाटेनाशी झाली का, हे दोन प्रश्न रक्तदाब मोजताना विचारा. सासू किंवा नवरा शेजारी असेल तर त्यांना पाणी आणायला पाठवा. जीव द्यावासा वाटतो का, हेही विचारा. विचारल्याने तो विचार मनात येत नाही, उलट बाईला बोलायला जागा मिळते. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये घालून द्या. तो मोफत आहे आणि फडावरूनही लागतो, रेंज असेल तर.

आणि तारखा. आमच्याकडे ऑक्टोबरात सुरू केलेला उपचार नोव्हेंबरात फडावर जातो आणि तिथंच सुटतो. तेव्हा भेटी टोळीच्या वेळापत्रकावर बेता. पहिली भेट दसऱ्याच्या आत, शेवटची गुढीपाडव्यानंतर टोळ्या परतल्यावर आणि मधल्या महिन्यांत आशाताईंचा फोन. जाताना औषध किती महिन्यांचं द्यायचं, दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रावर कोणता कागद दाखवायचा, यावर आज दुपारच्या सत्रात ठराव झाला, तर ही परिषद गेवराईला घेतल्याचं सार्थक झालं असं मी समजेन.

जेवणात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आहे, तिखट आहे, सांगून ठेवतो. व्यवस्थेत उणीव राहिली तर ती माझ्या नावावर घाला. सर्वांचं मनापासून स्वागत करतो आणि अध्यक्ष महोदयांना विनंती करतो, की दुपारच्या ठरावाचा मसुदा आताच, सकाळच्या सत्रात, लिहायला घ्यावा.