पानाचा माथा आणि पायथा

श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या घरीं माळ्यावर एखादी हस्तलिखित पोथी असेल. रुमाल सोडला कीं सुटीं पानें हातीं येतात. त्यांना ना शिवण, ना बांधणी. वाऱ्याच्या एका झुळुकीनें सारा ग्रंथ विस्कटावा, अशी ही रचना. तरीहि जाणता मनुष्य ती पोथी घटकाभरांत लावून देतो. कारण पानाच्या मागल्या बाजूस, डाव्या समासांत वरतीं ग्रंथाचें संक्षिप्त नांव व पत्रांक आणि उजव्या समासांत खालीं तोच अंक, पुष्कळदां 'राम' या अक्षरांसह, लिहिलेला असतो. या खुणा ग्रंथाच्या मजकुरांत मोडत नाहींत. पण त्यांच्यावांचून मजकुराचा क्रम टिकत नाहीं.

राजपत्रांत हीच दक्षता अधिक कडक होती. शिवछत्रपतींच्या पत्रांत माथ्याशीं मुद्रा असे आणि मजकूर संपतांच मर्यादेचा शिक्का असे. मुद्रेवरून पत्र कोणाचें हें कळे; मर्यादेवरून तें कोठें संपलें हें कळे. त्यापुढें कोणीं एक ओळ घुसडली, तरी ती उघडी पडे.

आज कागद संगणकावर तयार होतो. पण छापून निघालेलीं पानें सुटींच असतात. 'वर्ड'सारख्या साधनांत माथ्याच्या पट्टीला 'हेडर' व पायथ्याच्या पट्टीला 'फूटर' म्हणतात. समजा, मसुऱ्याच्या एका गृहस्थानें गांवाची माहिती लिहावयास घेतली. पहिल्या भागांत प्रस्तावना, दुसऱ्यांत भरतगड, तिसऱ्यांत आंगणेवाडीची जत्रा. शेवटच्या भागाच्या माथ्यावर त्यानें 'आंगणेवाडी' असें लिहिलें, आणि पाहतो तों भरतगडाच्या पानांवरहि आंगणेवाडीच! यांत यंत्राचा दोष नाहीं. भाग वेगळे आहेत, हें त्याला कोणीं सांगितलेलेंच नव्हतें.

म्हणून आधीं प्रत्येक दोन भागांमध्यें 'सेक्शन ब्रेक' घालावा. नंतर नव्या भागाच्या माथ्यावर जाऊन 'लिंक टू प्रीव्हियस' ही मागल्या भागाशीं असलेली जोडणी तोडावी, आणि मगच नवें नांव लिहावें. हा क्रम चुकला, तर मागल्या भागाचें नांव पुसलें जातें. पायथ्याची जोडणी निराळी तोडावी लागते, हेंहि ध्यानांत असावें. मुखपृष्ठ कोरें हवें असेल, तर 'डिफरंट फर्स्ट पेज' ही सोय आहे.

पृष्ठांक मात्र हातानें लिहूं नये. पायथ्याशीं हातानें लिहिलेला १ हा आंकडा प्रत्येक पानावर १ च राहतो. 'पेज नंबर' ही आज्ञा दिली, म्हणजे यंत्र स्वतः मोजतें, आणि मध्यें पान वाढलें तर पुढले आंकडे आपोआप सरकतात.

तरीहि एक उणीव उरते. नुसत्या पृष्ठांकानें मधलें पान हरवल्याचें कळतें, शेवटचें हरवल्याचें कळत नाहीं. वांटणीपत्राचें शेवटलें पान गळालें, तर त्यावरील एका कलमापायीं भावाभावांत वितुष्ट येईल. यासाठीं पायथ्याशीं '१२ पैकीं ७' अशा रीतीनें एकूण संख्याहि घालावी. पूर्वीं मर्यादेचा शिक्का जें काम करी, तेंच हा लहानसा आंकडा करतो: कागद कोठें संपतो, याची साक्ष तो प्रत्येक पानावर देतो.