मंडईला जा, पण आधी पुंजणं झाका

मी तहसील कार्यालयातला माणूस, पण माझ्याकडून आज कुठल्या घोषणेची वाट पाहू नका. कापलेलं धान झाका, एवढंच माझं म्हणणं. भंडारा जिल्ह्यातल्या सगळ्यांना रेडिओवरून मी तेच सांगायला आलो आहे.

दसरा झाला की पाऊस गेला, असं आपण ठरवून टाकतो. बंगालच्या उपसागराला ते कोण कळवणार? 5 डिसेंबर 2023 ला मिचाँग चक्रीवादळ आंध्रात बापटल्याजवळ किनाऱ्याला लागलं. कुठं बापटला, कुठं आपली लाखनी! तरी त्याचे ढग पूर्व विदर्भावर आलेच. वादळ आपल्यापर्यंत पोचतं तेव्हा त्यातला वारा सरलेला असतो, रिपरिप तेवढी उरते. म्हणून कोणी दचकत नाही. पण कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत पसरलेल्या असताना दोन दिवसांची रिपरिप पुरते. लोंबीतच कोंब फुटतात.

मायबहिणींना माझं म्हणणं लवकर पटेल. कापलेलं धान म्हणजे घरातली ओली बाळंतीण समजा. तिला उघड्या भुईवर निजवता का? बाज देता. मग भाऱ्यांचं पुंजणंही उंचवट्यावर रचा, खाली लाकडं आणि तणीस घाला, भोवती चर काढा. तिचं डोकं-कान बांधता, तशी पुंजण्याच्या माथ्यावर ताडपत्री घाला आणि दोरीनं आवळा. पण म्हणून तिची खोली रात्रंदिवस कोंडून ठेवत नाही. ऊन पडलं की ताडपत्री काढा, नाहीतर आतल्या वाफेनं दाणा काळा पडतो. राहिला शेक. तो मात्र इथं चालायचा नाही. पुंजण्याजवळ विडी नको, फटाका नको, शेकोटी तर नकोच.

ज्यांच्या कडपा अजून बांधीत आहेत, त्यांनी ढग दिसताच उचलून भारे बांधावेत. उचलणं जमलं नाही तर निदान धुऱ्याला तोंड पाडून पाणी काढून द्यावं. आभाळ भरलेलं असताना कापणी लावायची घाई कशाला? मजूर मिळत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पण भिजलेलं धान खरेदी केंद्रावर नेल्यावर 17 टक्क्यांहून जास्त ओलावा निघाला की तिथला माणूस ते परत करतो आणि मग भांडण आमच्या टेबलावर येतं. साध्या धानाचा हमीभाव 2024-25 च्या हंगामात क्विंटलला 2300 रुपये होता. हमीभाव सुकलेल्या दाण्याला असतो, बाप्पा.

आता थोडं रागावतो. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, त्या रात्री अख्खं गाव वडशाच्या कंपनीचं नाटक पाहायला बसतं. बसावंच, झाडीपट्टीत जन्म घेऊन नाटक चुकवायचं कशाला? मीही चुकवत नाही. पण पाहुणे आलेत, कोंबडा कापलाय, दंडार आहे, अशा गडबडीत पुंजणं उघडंच राहतं. नाटकाच्या तिकिटाला घरटी पैसे निघतात आणि ताडपत्री 'पुढच्या सालाला घेऊ' असं होतं. तेव्हा पुन्हा सांगतो, ज्यांनी मघाशी रेडिओचा आवाज कमी केला त्यांच्यासाठी: घरून निघायच्या आधी पुंजणं झाका. आभाळ निरभ्र असलं तरी झाका.

एवढं करूनही नुकसान झालंच, तर विमा काढलेल्यांनी लगेच कळवावं; 2024 च्या हंगामात त्याची मुदत 72 तासांची होती. कापून सुकायला ठेवलेल्या पिकाला तेव्हा कापणीपासून 14 दिवसांपर्यंतच संरक्षण होतं. चौथ्या दिवशी येऊन 'साहेब, मंडई होती जी' असं सांगू नका.

थंडीबद्दलही बोलायचं होतं. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका, इतकंच. विजेबद्दलही सविस्तर सांगणार होतो, कारण बांधीत काम करताना गडगडाट झाला की आपली माणसं धावत मोहाच्या झाडाखाली जातात, आणि तिथंच… पण समोरून वेळ संपल्याची खूण होते आहे. झाडाखाली थांबू नका. मोबाईलवर विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप घ्या. अडचणीत जिल्ह्याचा आपत्ती कक्ष 1077 वर मिळेल. आणि ताडपत्री आजच आणा, मंडईच्या बाजारात नंतर भाव वाढलेला असतो.